एक पाऊल दक्षिणेला

चौदापैकी अकरावं घरटंही रिकामं निघालं, तेव्हा हेमांगी गुडघ्यांवर तशीच बसून राहिली.

डोंबारी चंडोलाचं घरटं म्हणजे गवताच्या बुडाशी केलेला वाटीएवढा खळगा. परवा यात दोन अंडी होती. आज खळग्याची कड जशीच्या तशी होती, आतलं बारीक गवतही जागच्या जागी. भोवती मात्र मेंढ्यांच्या खुरांचे ठसेच ठसे. तिने वहीत लिहिलं, 'तुडवलं'. मग पेन्सिल थांबली. तुडवलेल्या अंड्याचं काहीतरी मागे राहायला हवं होतं. टरफल, डाग, निदान मुंग्या. आधीच्या दहांपैकी किती घरट्यांत टरफलं सापडली होती, ते तिने पानं उलटून पाहिलं. दोन.

"ताई, तीन वाजता काय वाचशात?" मागून लोटन ठेलारीने विचारलं. त्याच्या मेंढ्या उताराला पसरल्या होत्या.

तीन वाजता गावात वनसमितीची बैठक होती. तिथे हेमांगीचा तक्ता वाचला जाणार होता. मेंढ्या घरटी तुडवतात असं त्यातून निघालं, तर हा माळ मेंढ्यांना पाच वर्षं बंद. ठराव टाइप होऊन तयार होता. आकड्यापुरती जागा मोकळी ठेवली होती.

"जे दिसलं ते वाचेन," हेमांगी म्हणाली. "पण काय दिसलं, तेच कळत नाहीये."

"शिकेल मानूसले बी कळत नई?"

"कळलं नाही की लिहून ठेवायचं. तेवढंच शिकवलंय आम्हाला."

लोटन हसला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला. "त्यास्मा दोन मन्ही मेंढीसनी तुडवात. खोटं कसाले बोलू? एक ते मन्हा समोरच गयं."

"आणि बाकीची नऊ?"

"ती तुम्हीच दखाडी दिन्हात."

"कोणाला दाखवली मी?"

त्याने काठी बाभळीकडे केली. शेंड्यावर एक डोमकावळा बसला होता.

"लाल फडकं जठे, तठे अंडं. इतलं समजाले त्याले कॉलेज कसाले लागस?"

हेमांगीने माळावर नजर फिरवली. वाळलेल्या पिवळ्या गवतात तिच्या चौदा झेंड्या उभ्या होत्या. हातभर बांबूची काडी, तिला लाल फडकं. प्रत्येक झेंडी घरट्यापासून बरोबर एक पाऊल उत्तरेला, म्हणजे घरट्याला धक्का लागत नाही आणि दुसऱ्या फेरीत शोधावंही लागत नाही.

"आधी का नाही सांगितलंत, बाबा?"

"तुम्ही इचारं का? तुम्ही उनात, झेंडी लावी, लिखं, गयात. माले वाटनं, सरकारी काम शे."

ती उठली. पिशवीतून नवी झेंडी काढली. जिथे घरटं नव्हतं, गवतही नव्हतं, अशी उघडी मुरमाड जागा शोधून तिथे ती रोवली. बाकीच्या वेळी करायची तसंच, खाली वाकून दोन मिनिटं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग साठ पावलं मागे येऊन लोटनच्या शेजारी बसली. त्याने बिडी पेटवली.

बिडी अर्धी झाली तेव्हा कावळा उतरला. झेंडीशी थांबला. वर फडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वळला, आणि एक पाऊल दक्षिणेला जाऊन त्याने मुरमात चोच घातली.

तिथे काही नव्हतं. त्याने खडा उलटवला. दुसरा उलटवला. परत झेंडीशी गेला, पुन्हा तेवढंच अंतर चालून आला, पुन्हा चोच घातली.

हेमांगीने वही उघडली. एक कावळा, एक झेंडी, एक वेळ. यावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला कळत होतं. नऊ घरटी यानेच खाल्ली असंही म्हणता येत नव्हतं, आणि मेंढ्यांनी तुडवली असंही. ती इथे आलीच नसती तर त्या नवांचं काय झालं असतं, याला तक्त्यात रकानाच नव्हता.

"अजून तीन घरट्यांत अंडी आहेत," ती म्हणाली.

"शेतस."

"झेंड्या काढल्या तर मला ती परत सापडायची नाहीत."

"माले सापडतीन."

"तुम्हाला सापडून काय उपयोग, बाबा? मोजायची मला आहेत."

कावळा परत बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसला होता. लोटनने बिडी दगडावर विझवली. "मोजशात म्हंजे परत जवय जाशात. तो बसेल शे ना वर."

ती उठली. एकेक करून झेंड्या उपटायला लागली. तिन्ही भरल्या घरट्यांपाशी ती थांबली नाही, खाली पाहिलं नाही, चालता चालता काडी ओढून घेतली. शेवटच्या झेंडीजवळ मादी चंडोल पायाखालून भुर्रकन उडाली आणि जखमी असल्यासारखी पंख ओढत घरट्यापासून लांब लांब जाऊ लागली. हेमांगीने मान दुसरीकडे वळवली.

"मंग काय वाचशात?" लोटनने पुन्हा विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"दोन तुमच्या मेंढ्यांची. ते वाचणारच."

"वाचा."

"नऊ घरट्यांपुढचं 'तुडवलं' खोडते. तिथे काय लिहू?"

लोटन वळला. कळप हाकत उतारावरून खाली निघाला.

पंधरा झेंड्यांची जुडी काखेत धरून हेमांगी गावाच्या वाटेला लागली. फडकी वाऱ्यावर हलत होती. डांबरी रस्त्यापाशी तिने मागे वळून पाहिलं. कावळा माळावर थांबला नव्हता. एका बाभळीवरून उडून पुढच्या बाभळीवर बसत तो तिच्यामागे येत होता.