काळी पाच

संपदाने तंबोऱ्याची गवसणी काढली आणि क्लिफर्ड हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिला.

कार्यक्रम सातचा होता, आता पाच वाजत होते. वसईतल्या त्या सभागृहाच्या स्टेजवर एका कोपऱ्यात क्लिफर्ड लॅपटॉप आणि कीबोर्ड मांडून बसला होता. मधल्या मोकळ्या जागेत त्याची बायको ज्युली चार मुलींना कुठे उभं राहायचं ते खडूने आखून देत होती. पुढे चौरंगावर विनयाबाई. बाईंचा पूरिया धनाश्री, क्लिफर्डचे इलेक्ट्रॉनिक ठेके आणि ज्युलीचा घुंगरांशिवायचा नवा नाच, असलं त्रांगडं वसईत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. गणपतीपासून मेपर्यंत वटारला क्लिफर्डच्या घरी तालमी झाल्या. तिथे सूर धरायला लॅपटॉप होता, त्यामुळे तंबोरा बाईंच्या तुळिंजच्या घरात गवसणीतच राहिला. आज आयोजकांचं म्हणणं पडलं की शास्त्रीय गाणं म्हटल्यावर स्टेजवर तंबोरा दिसायला हवा. म्हणून बाईंची जुनी शिष्या संपदा तो घेऊन आली होती. गुणी मुलगी, चांगला सुरात लावूनच आणला होता.

क्लिफर्ड घाईघाईने म्हणाला, तंबोरा नुसता शोभेला राहू दे, वाजवू नकोस. बाई हसल्या. शोभेला मी बसलेय की, म्हणाल्या, तू छेड गं.

पेटीवरची काळी पाच ही बाईंची पट्टी. शाळेत क्लिफर्डला गाणं शिकवायच्या तेव्हाही तीच, आणि त्याच्या आधीही तीच. दीड वर्षापूर्वी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. घरचा रियाज डॉक्टरांनी बंद केला, आठवड्यातून दोनदा तालमीपुरतं गायचं एवढीच मुभा. दिवाळीच्या सुमारास वरच्या सा ला त्यांचा आवाज फाटला. तेव्हाचा त्यांचा चेहरा क्लिफर्डला पाहवला नाही. पुढच्या तालमीआधी त्याने सगळं संगीत गुपचूप अर्धा सूर खाली घेतलं. लॅपटॉपवर एक आकडा बदलायचा, बस. बाई खुशीत गायल्या. नाताळात त्याने परत तेच केलं, मग होळीला, मग ईस्टरनंतर. सांगून टाक म्हणून ज्युलीने दोनदा बजावलं होतं, पण त्याच्याच्यानं ते होईना. बाई तर सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या की गाठ गेली, पट्टी मात्र जागेवर आहे. तेवढ्या आनंदात त्यांच्या यजमानांनी, शांतारामकाकांनी, अख्ख्या बिल्डिंगला पास वाटले होते.

संपदाने तारा छेडल्या. बाईंनी डोळे मिटले आणि क्लिफर्डला सुरू कर अशी खूण केली. त्याला थांबायला कारण सुचेना. त्याने बटण दाबलं.

दोन वेगवेगळे सा एकमेकांच्या अंगावर आले. मुली नाचता नाचता थांबल्या. बाई संपदावर उखडल्या, इतकी वर्षं शिकून तुला साधा तंबोरा लावता येऊ नये? संपदा रडवेली झाली. ती उठली, क्लिफर्डच्या कीबोर्डपाशी गेली आणि तिने काळी पाच दाबून धरली. मग परत येऊन तार छेडली. तंबोरा बरोबर होता.

बाई मागे वळल्या. "क्लिफर्ड, तुझी पट्टी कुठली आहे?"

मशीन बिघडलंय म्हणता आलं असतं. वाक्य तोंडाशी आलंही होतं. पण बाई वर्गात बघायच्या तशा बघत होत्या, पोरगं खरंच सांगणार या खात्रीने.

"काळी तीन, बाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. थोडं थोडं करून."

बाईंनी त्याला लॅपटॉप बंद करायला लावला, संपदाला छेडत राहायला सांगितलं आणि काळी पाचमध्ये आवाज लावला. खालचा सा लागला, गोड लागला. क्षणभर क्लिफर्डला वाटलं, आपणच मूर्ख, उगाच इतके महिने चोरी केली. बाई वर चढू लागल्या तशा ज्युलीच्या मुली सवयीने आपापल्या जागी आल्या. गाणं वरच्या सा ला टेकलं की वर नेलेले हात सोडून जमिनीवर कोसळायचं, असं त्यांना शिकवलेलं होतं. बाई निषादावर आल्या. चौघींचे हात वर गेले.

त्यापुढे नुसती हवा आली. बाईंनी दम घेऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. मुली हात वर धरून तशाच उभ्या. कोसळायचं की नाही, त्यांना कळेना.

"हात खाली घ्या गं पोरींनो, दुखतील," बाई म्हणाल्या.

ज्युलीने तोंड फिरवलं. क्लिफर्डला रडू आवरेना. तो माफी मागायला पुढे झाला, तर बाईंनी त्याला हातानेच अडवलं. तू केलंस ते चांगलं की वाईट हे मला आत्ता ठरवता येणार नाही, म्हणाल्या, सात वाजता लोक येतील. मग त्यांनी संपदाला तंबोरा काळी तीनला उतरवायला सांगितला.

संपदाने खुंटी धरली, पण तिचा हात वळेना. बाईंची पट्टी उतरवायची, आणि तीही त्यांच्या डोळ्यांदेखत. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी बाई चौरंगावरून सरकत तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी तिच्या मुठीवर आपला हात ठेवला.

"पीळ गं. उतरवताना तार तुटत नाही."