हाल्लाचा वाटा

कुंपणाखालून पलीकडे, रशियाच्या हद्दीत घुसून, हाल्ला कुत्रीने एल्क हरणाला रोखून धरलं होतं. शिंगांनी तिचं पोट फाडलं, तरी ती हटेना. गोळी वाजेपर्यंत जागा सोडायची नाही, हे तिच्या फिनिश मालकाने, उर्पोनेच शिकवलेलं. पूर्वी असं झालं की पलीकडचा रशियन शिकारी ग्रीशा हरीण पाडायचा, हाल्लाला कलेजीचा तुकडा भरवायचा आणि परत धाडायचा. फिनलंड नाटोत गेला आणि कुंपण उभं राहिलं. उर्पोने जाळीतून हरणावर बंदूक रोखली, तोच समोरच्या झाडीतून लष्करी कोटातला ग्रीशा बंदूक उचलत बाहेर आला. "तुझ्यावर नेम धरलाय मेल्याने!" मागून उर्पोची बहीण किंचाळली. "अगं, ग्रीशा आहे तो!" "होता! आता उडव त्याला!" उर्पोची नळी ग्रीशाकडे वळली आणि दोन बार एकदमच झाले. हरीण कोसळलं, ग्रीशाही. आतडी फरफटवत हाल्ला ग्रीशापाशी गेली आणि शेपूट हलवत त्याच्या मुठीत नाक खुपसून आपला तुकडा शोधू लागली.