दहातले सात

दुपारी दोनला बोअरची गाडी डोणगावच्या शिवारात, महिला बचत गटाच्या रोपवाटिकेत येऊन उभी राहिली. विहीर तळाला गेली होती, मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या आणि बारा बायांना मिळून घेता येणार होता तो एकच बोअर. कोरडा गेला तर रोपवाटिका बंद. ग्रामपंचायतीचं मतदान रविवारी होतं.

या बारा जणी मत एकजुटीनं देतात, हे गावाला ठाऊक होतं. म्हणून वॉर्डातले दोन्ही उमेदवार गाडीच्या आधीच हजर होते. भागवतनं पाणी पाहणारे पुंजाजी आणले होते. त्यांच्या तळहातावरचा आडवा नारळ बांधाजवळ उभा झाला; तिथं चुन्याची फुली पडली. राजकुमार बी.एस्सी. झालेला. त्यानं मेहकरहून अल्तमशला पाणी शोधायच्या मशीनसह बोलावलं होतं. अल्तमशनं जमिनीत खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, वहीत आकडे मांडले आणि फुलीपासून साठ पावलांवर दगड ठेवला.

गोजरबाई गटाची अध्यक्ष. तिनं दोन्ही जागा पाहिल्या आणि दोघा उमेदवारांना एकच गोष्ट विचारली.

"पाणी नाही लागलं त?"

भागवत म्हणाला, पुंजाबाबाचा नारळ आजवर चुकला नाही. नारायणरावाच्या वावरात मागच्या साली कोरडं गेलं त्याचं काय, असं तिनं विचारलं. तिथं कोण्या बाईनं नारळ ओलांडला असेल, असं तो म्हणाला. बारा बाया ऐकत उभ्या होत्या.

राजकुमार हसला. "आजी, हे विज्ञान हाय. इथं चुकीले जागाच नसते."

"असते," तार गुंडाळता गुंडाळता अल्तमश म्हणाला. "दहातल्या सात जागी पाणी लागते. तीन कोरड्या जातेत."

राजकुमारनं आवाज खाली आणला. "अल्तमशभाई, इलेक्शन हाय. जरा पाहून बोला."

अल्तमश म्हणाला, इलेक्शन रविवारी संपेल, पण बोअर कोरडा गेला तर या बाया सोमवारी मेहकरला माझ्याच दारात येतील.

गोजरबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमी काऊन नाही उभे राह्यले बाप्पा?"

"माझं नाव मेहकरच्या यादीत हाय, आजी."

"मेहकरवाल्यायचं नशीब," मागून शालूबाई बोलली. बाया हसल्या.

गोजरबाईनं गाडी दगडाकडे घ्यायला सांगितली. राजकुमारनं लगेच फोटोसाठी मोबाइल काढला. तिनं हात आडवा केला.

"जागा त्यायची घेतली. तुमची नाही."

बोअर शंभर फूट खाली गेला तेव्हा भागवत पुंजाजींना घेऊन निघून गेला. दीडशेवर राजकुमारला फोन आला, तोही गेला. अल्तमश थांबला. मत कोणाला द्यायचं, ते बायांचं ठरलं नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी बोअर दोनशे दहा फुटांवर होता. अल्तमशनं वर आलेली खडकाची भुकटी चिमटीत घेतली, चोळली आणि गोजरबाईच्या तळहातावर ठेवली.

कोरडी होती.