चार नंबरचं तिखलं

मालवणच्या खाद्यमहोत्सवात बांगड्याच्या तिखल्याचे बारा टोप मांडले होते. नावं झाकलेली, वर फक्त नंबर. परीक्षक होते दाजी मोंडकर. त्यांची जीभ म्हणजे तराजू, असं दाजीच सांगत. चार नंबरच्या पहिल्याच घासाला त्यांनी ओळखलं, हे आपल्या बायकोचं. तीस वर्षं खाल्लेल्या हाताची चव काय लपते?

लबाडी करायची तर अंगाशी न येणारी, एवढी अक्कल दाजींना होती. त्यांनी चारला पैकीच्या पैकी गुण दिले आणि निःपक्षपातीपणाची शोभा म्हणून नऊ नंबरला माइकवरून झोडपलं. "तिरफळं घातलीत की नुसती दाखवलीत? घरी हे कोण खातं बिचारं?" अख्खा मंडप खळखळून हसला.

मग नावं पुकारली. चार नंबरला शेजारच्या पराडकरवहिनी उठल्या. नऊ नंबरला कोणीच उठलं नाही. फक्त तिसऱ्या रांगेतली ओळखीची हिरवी साडी तरातरा मंडपाबाहेर पडली.

दुपारी दाजींच्या पानात नुसता भात आला.

"तिखलं?" त्यांनी चाचरत विचारलं.

"मांजराक घातलंय," बायको म्हणाली. "घरात दुसरा कोण खाता बिचारा?"