घोडीचे चार पाय

इस्सिक-कुल सरोवराच्या काठचे दोन लोकरी तंबू पर्यटकांना भाड्याने द्यायचे म्हणून बेगाइमने घरची तांबडी घोडी विकली आणि आलेले सगळे पैसे फोनवरच्या जाहिरातीत घातले. विकण्याआधी घोडीला तंबूसमोर उभं करून तेवढा जाहिरातीचा फोटो मात्र काढून घेतला. नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर होता. त्याला घोडीचं अजून ठाऊक नव्हतं.

जाहिरातीवर कुणी बोट टेकवलं की पैसे कापले जात, मग पाहुणा येवो न येवो. दुपारपर्यंत घोडीचे मागचे दोन पाय गेले, संध्याकाळपर्यंत पाठही गेली. पाहुणा एकही नाही. कुणीतरी वैऱ्याने दावा साधला, अशी धास्ती बेगाइमने घेतली. नवरा तर आता जिवंत सोडणार नाही! तिने सासूला फोन लावला.

"आपा, कुणीतरी सारखं बोट टेकवतंय हो! मी बुडाले!"

"घाबरतेस काय खुळ्यासारखी? आपली माणसं आहेत ती," सासू म्हणाली. "आपल्यात घरावरून जाताना नानचा तुकडा मोडल्याशिवाय कुणी पुढे जातं का? मीच गावाला बजावलंय, सुनेची जाहिरात दिसली की बोट टेकवल्याशिवाय हलायचं नाही."

बेगाइमने घोडीचे किती पाय उरले ते बोटांवर मोजलं.



"आणि तुझ्या नवऱ्याने तर आज कहरच केलाय. दिवसभर टेकवतोय. म्हणतो, माझी तांबडी काय गोड दिसते गं, आई!"