दोन कडव्यांमधला थांबा

चर्चमध्ये बायकोच्या शवपेटीजवळ म्हातारा गवंडी गीतांचं पुस्तक उघडून उभा होता. पन्नाशीत तिनंच त्याला अक्षरं शिकवली होती. आज तिचं आवडतं गीत तिच्यासाठी पूर्ण म्हणायचंच, असं त्यानं ठरवलेलं. ऑर्गनवर तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी सुरुवात केली. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याची ओळ बोटाखाली सापडेपर्यंत गाणं तिसऱ्यात पोचलं. "बाईंना कसली घाई झालीय?" तो लेकीपाशी कुरकुरला. "तुझी आई कडवं संपलं की सूर लांबवायची. चालच तशी आहे." "चाल हीच आहे, बाबा. आई तुमच्यासाठी थांबायची. ऑर्गनवरच्या आरशात बघायची. तुमचं बोट ओळीवर टेकलं की पुढं जायची. आम्हाला दम दिला होता, 'बाबांना सांगाल तर थोबाड फोडीन.'" गाणं संपलं. सगळे बसले. तो उभ्यानंच दुसरं कडवं म्हणू लागला, मध्येच अडला. आता सूर लांबवायला कुणी नव्हतं.