भेटीच्या चपला

फाटकाशी गाडी थांबली आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्या ताई बटणांकडे धावल्या. देणगीदार बाई तासभर आधीच टपकल्या होत्या. पंखे घाईघाईने बंद झाले, पण ताईंच्या पायांत नव्या चपला तशाच राहिल्या. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेल्या, चकचकीत. अशा भेटींसाठी खास जपून ठेवलेला, अंगठा तुटलेला जोड कपाटातच पडून राहिला.

मागच्या वर्षी बाईंनी एका संस्थेच्या सचिवाच्या मनगटावर भारी घड्याळ पाहिलं होतं. देणगी तिथेच बंद; त्या संस्थेला आज कुलूप आहे. घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं होतं, पण विचारतो कोण! आणि आज इथल्या गळक्या छपराचा निकाल लागायचा होता.

"चला, दाखवा," बाई म्हणाल्या.

ताईंनी पाऊल टाकलं. कर्रर्र.

व्हरांडा लांबलचक. ताई टाचांवर चालल्या, चवड्यांवर चालल्या, पाय घासत चालल्या. चपला उलट खुशीत आल्या. ठार बहिऱ्या आजोबांनीसुद्धा मान वळवून पाहिलं.

"कसला हो आवाज?"

"पंखा," ताई बोलून गेल्या.

बाईंनी वर पाहिलं. पंखा मेल्यासारखा लटकत होता. मग त्यांची नजर सावकाश खाली उतरली, ती ताईंच्या पायांवर येऊन थांबली.

"नव्या दिसतात."

ताईंनी साडीच्या निऱ्या खाली ओढल्या.

"माझ्या आहेत त्या!" कोपऱ्यातल्या खाटेवरून आजी कडाडल्या. "चावतात मेल्या. हिला म्हटलं, चार दिवस घाल नि सैल करून दे. झाल्या ना गं? आण इकडे."

ताईंनी खाली बसून चपला आजींच्या पायांत सरकवल्या.

बाईंचे डोळे भरून आले. "दुसऱ्याच्या चपलांचे फोड स्वतःच्या पायाला! याला म्हणतात सेवा." छप्पर तिथल्या तिथे मंजूर झालं.

गाडी गेली, तेव्हा कुठे ताईंनी घाम पुसला. "आजी, वाचवलंत हो! द्या आता."

आजींनी पाय पांघरुणात ओढून घेतले. "वेडी का तू? बाई परत आल्या तर?"

संध्याकाळी लेक न्यायला आली. आई फाटकाशी तुटक्या चपलांत उभी.

"आई, नव्या कुठे गं?"

"हळू बोल," म्हणत ताईंनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं.

मागे व्हरांड्यात आजींची फेरी चालली होती. कर्रर्र. कर्रर्र.